बासष्ट लाखांचा गेटपास

कारखान्यात सगळे त्यांना कुलूपबाई म्हणत, आणि तेही तोंडावर. बाईंची त्याबद्दल तक्रार नव्हती. हॉस्पिटलच्या खाटा बनवणाऱ्या कारखान्याचे स्टोअर सत्तावीस वर्षे सांभाळायचे, पाइपच्या तुकड्यापासून खाटेच्या चाकापर्यंत एकेका वस्तूचा हिशेब ठेवायचा आणि वर लोकांनी आपल्याला गोड म्हणावे अशी अपेक्षा धरायची, इतक्या काही त्या भाबड्या नव्हत्या. ज्याला बोल्ट हवा त्याने चिठ्ठी आणावी. चिठ्ठी नाही तर बोल्ट नाही, मग मागणारे खुद्द मालक का असेनात.

त्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास त्यांचा धाकटा भाऊ खाली स्टोअरमध्ये आला. याच कारखान्यात तो वरच्या मजल्यावर हिशेब खात्याचा प्रमुख होता. आई गेली तेव्हा तो सात वर्षांचा होता. बाईंनी त्याला वाढवले, आपल्या पगारातून शिकवले आणि बारा वर्षांपूर्वी हात धरून मालकांपुढे उभे केले. एरवी खाली आला की तो बाईंच्या थर्मासमधला चहा न विचारता ओतून घ्यायचा. आज तो बसलाही नाही. त्याने दोन कागद टेबलावर ठेवले आणि उभ्या उभ्याच म्हणाला, "ताई, चार वाजता वर मीटिंग आहे. हा गेल्या वर्षाचा कॅश फ्लो आणि हा फंडाचा नवा करार. ऑडिटरने सगळं बघितलंय. तू फक्त सही करायचीस."

"वाचून करीन," बाई म्हणाल्या.

"वाच की. कामकाजातून एक कोटी चाळीस लाख आलेत. आदल्या वर्षीपेक्षा जास्त. आणखी काय हवं?" बोलताना तो त्यांच्याकडे नाही, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होता. बाई पुढे काही विचारणार तोच तो जिना चढायला लागलाही होता.

फंड म्हणजे कामगारांची बचत. कारखान्यात एकशे त्र्याऐंशी माणसे होती आणि प्रत्येकाच्या पगारातला दहावा भाग दर महिन्याला कापून कंपनीकडे ठेवला जाई. बँकेपेक्षा एक टक्का व्याज जास्त, तेही दरवर्षी हातात. अशी एकूण एक कोटी सत्तर लाखांची पुंजी जमली होती. तिच्यावर तीन विश्वस्त होते: बाई, एक वेल्डर आणि रंगखात्यातली मावशी. व्याज वाटण्यापुरते तिघांच्या नावाचे बँकेत एक खाते होते. जुना करार आज संपत होता. नव्या करारात लिहिले होते की पुढची तीन वर्षे फंडातून कोणी पैसे काढणार नाही.

मागच्या वर्षी याच धाकट्याने असाच एक तक्ता दाखवून सांगितले होते, "ताई, कंपनी ठणठणीत आहे." त्या भरवशावर बाई शेडमध्ये फिरल्या होत्या. तेव्हा पगाराचा विसावा भाग कापला जाई. तो दहावा करा, म्हातारपणी कोणापुढे हात पसरायची वेळ येऊ देऊ नका, असे त्यांनी एकेकाला गाठून सांगितले. जी बाई एका वॉशरचा हिशेब सोडत नाही ती आपल्या पैशांचा कशी सोडेल, असा लोकांचा सरळ विचार. त्यांनी मुकाट्याने फॉर्म भरून दिले.

बाईंनी चष्मा पुसला आणि रोकडीचा तो तक्ता पुढे ओढला. हिशेबाचे शिक्षण त्यांना नव्हते, पण आवक-जावक त्यांच्या हाडीमाशी खिळलेली होती. स्टोअरच्या रजिस्टरात आवक लिहायची तर आधी गेटपास लागतो. माल कुठून आला, कुठल्या गाडीने आला, कोणी उतरवून घेतला, हे कळल्याशिवाय बाई पेनाचे टोपण काढत नसत. कागदावरच्या पैशांनाही हाच नियम लावायला काय हरकत आहे, असे त्यांना वाटले.

पहिली ओळ नफ्याची, अठरा लाख. खाटा विकल्या, त्यातून उरले. ठीक. दुसरी घसाऱ्याची, बावीस लाख. ही भानगड धाकट्याने मागेच समजावली होती. यंत्र झिजते तो खर्च म्हणून लिहितात, पण झिजेपोटी कोणाच्या हातात पैसे ठेवावे लागत नाहीत, म्हणून रोकड मोजताना तो परत मिळवायचा. तेही ठीक. तिसरी ओळ उणे तीस. खाटा हॉस्पिटलांना गेल्या, पैसे अजून यायचे होते. बाईंनी पेन्सिलीने कडेला बेरीज मांडली: अठरा आणि बावीस चाळीस, वजा तीस, राहिले दहा.

मग एक कोटी चाळीस कुठून आले?

पुढची ओळ होती, 'मालसाठ्यात घट : एक्केचाळीस लाख'. बाईंनी मान वर करून रॅककडे पाहिले. पूर्वी इथे दोन महिन्यांचे पाइप पडून असायचे, आता जेमतेम आठ दिवसांचे होते. स्प्रिंगांचे तीन कप्पे तर इतके मोकळे होते की त्यात मांजर व्याली होती. आहे तो माल वापरला, नवा घेतला नाही, त्याचे पैसे वाचले. ते वाचलेले पैसे या कागदावर आवक म्हणून मिरवत होते. कुठल्या गेटमधून आले हे? आले नव्हतेच. उद्या माल भरावा लागला की एक्केचाळीसच्या एक्केचाळीस परत जाणार होते.

त्याखाली 'पुरवठादारांच्या देण्यात वाढ : सत्तावीस लाख'. याचा गेटपास बाईंच्या कानात होता. पाइपवाला रोज फोन करायचा. चाकवाल्याने तर गेल्या आठवड्यात बाईंचा असा उद्धार केला होता की शेजारच्या टेबलावरचा कारकून उठून बाहेर गेला. त्या बिचाऱ्यांचे थकवलेले पैसे, तेही इथे आवक!

शेवटची ओळ सगळ्यात मोठी आणि सगळ्यात मुकी होती. 'इतर देण्यांत वाढ : बासष्ट लाख.' इतर म्हणजे कोण, त्याचा पत्ता नाही. बाई बराच वेळ त्या ओळीकडे बघत राहिल्या. मग त्यांनी खालच्या खणातून फंडाचे रजिस्टर काढले. वर्षभरात पगारांतून कापलेले, सहासष्ट लाख. लोकांनी अडीअडचणीला काढलेले, चार लाख. उरले बासष्ट.

त्यांनी वजाबाकी पुन्हा केली. बासष्टच आले.

हा पैसाही कुठल्या गेटमधून आत आला नव्हता. दहावा भाग कापला म्हणजे पगार तेवढा कमी दिला, बस. जे गल्ल्यातून बाहेर जायचे ते गेले नाही, आणि न गेलेल्याला कागदाने आलेले म्हटले. बाईंनी शेडमध्ये फिरून जी कपात दुप्पट करवली होती, तीच कंपनीची कमाई होऊन आज त्यांच्याकडे सही मागत होती. चांगला आकडा बघून त्यांनी लोकांना पैसे घालायला लावले, आणि लोकांनी घातले म्हणून आकडा आणखी चांगला दिसू लागला.

आता त्यांनी जावक बघितली. बँकेचे हप्ते छत्तीस, व्याज चौदा. एक यंत्र घेतले बाराला, जुनी गाडी विकली चारला. आणि मग एक ओळ: 'संचालकांच्या कर्जाची परतफेड : चौऱ्याऐंशी लाख'. संचालक म्हणजे मालक आणि त्यांची बायको, तिसरा कोणी नव्हता. वर्षभरात खरे कमावले दहा लाख आणि मालक घरी घेऊन गेले चौऱ्याऐंशी. एवढे दिवस पाणी कुठे मुरत होते ते बाईंना दिसले. त्यांना इतका राग आला की पेन्सिलीचे टोक मोडले.

दोन वाजता त्या धाकट्याच्या केबिनमध्ये शिरल्या. त्याने त्यांच्या हातातला तक्ता आणि त्यावरच्या पेन्सिलीच्या खुणा पाहिल्या आणि उठून दार लावून घेतले.

"ताई, हळू बोल."

"मी अजून बोललेच नाहीये."

"यात एकही आकडा खोटा नाही. मांडणी नियमाने आहे. कुठलाही ऑडिटर हेच म्हणेल."

"खोटा असता तर मी तुला चोर म्हणून मोकळी झाले असते," बाई म्हणाल्या. "मालकांनी चौऱ्याऐंशी कशाचे नेले?"

तो खुर्चीत बसला. चार वर्षांपूर्वी कंपनी बुडत होती तेव्हा मालकांनी स्वतःचे घर गहाण टाकून एक कोटी बारा लाख घातले होते, ते परत घेत होते, असे त्याने सांगितले. पैसे त्यांचेच होते. आता एकच हप्ता उरला होता, अठ्ठावीस लाखांचा. काल एका हॉस्पिटलकडून तीस लाख आले होते, त्यातून तो आज पाचच्या आत जाणार होता. तो गेला की मालकांचे घर सुटणार.

"जाणार म्हणजे कसा?"

"पैसे दोघांच्या मंजुरीने निघतात. साहेबांनी त्यांची दिलीय. माझी व्हायचीय."

"आणि मग आमचे एक कोटी सत्तर?"

धाकट्याने टेबलावरचा पेपरवेट इकडचा तिकडे केला. "उद्या बँकेला फंडाचा चालू करार दाखवला, लोक लगेच पैसे मागणार नाहीत हे तिला दिसलं, की ओव्हरड्राफ्ट वाढवून मिळेल," तो अखेर म्हणाला. "सहा-आठ महिने निघतील."

"आणि त्यानंतर?"

त्याने खण उघडला. आत एक चेक होता, बाईंच्या नावाचा, चार लाख ऐंशी हजारांचा. सोबत फंडातून पैसे काढण्याचा अर्ज, बाईंच्याच नावाने भरलेला, मागच्या आठवड्याच्या तारखेचा. "तू तुझे काढून घे, ताई. पन्नास चेकांत हा एक होता, साहेबांनी न बघता सही केलीय. करार व्हायच्या आधीची तारीख आहे, कोणी विचारणार नाही. तुमचा घरमालक खोली विकतोय ना? घेऊन टाका. भाओजींना त्या गुडघ्यांवर आता कुठे फिरवतेस?"

बाईंना तो चेक हवा होता. हे लपवण्यात अर्थ नाही. दोन वर्षांनी निवृत्ती, नवरा तीन वर्षांपासून घरात बसून, आणि डोक्यावरचे छप्पर दुसऱ्याचे. धाकट्याने हे सगळे लक्षात ठेवले होते. त्याला बहिणीची खरोखर काळजी होती, आणि म्हणूनच त्यांना त्याच्या तोंडात मारता आली नाही. त्यांनी चेक उचलला, पर्समध्ये टाकला आणि अर्जावर सही न करता खाली आल्या.

तासभर त्यांनी कसलेच काम केले नाही. कोणी चिठ्ठी आणली की माल द्यायचा, नोंद करायची, पुन्हा बसायचे. पर्स मांडीवर होती. साडेतीनला रंगखात्यातली मावशी आली, कोपरापर्यंत रंगाची पांढरी पावडर माखलेली. "बाई, रंगाचे हातमोजे द्या दोन जोड. ही घ्या चिठ्ठी, नाहीतर तुम्ही मला उघड्या हातांनी परत पाठवाल." मोजे घालून बघताना ती म्हणाली, "चारला सही करायची ना? मी तर आज चष्माच विसरले. वेल्डर म्हणाला, बाईंनी वाचलं म्हणजे झालं, आपण खाली अंगठा मारला तरी चालेल."

बाईंनी रजिस्टरात 'मोजे, दोन जोड' असे लिहिले. अक्षर नेहमीसारखे आले नाही.

"तुमचा चेहरा का असा उतरलाय? बरं नाही का?" मावशीने विचारले.

"मावशी, वर गेल्यावर माझ्याआधी सही करू नका," बाई म्हणाल्या. "वेल्डरलाही सांगा. मी करेपर्यंत कोणी पेन उचलायचं नाही."

चार वाजता मालकांच्या खोलीत पाच जण बसले होते. टेबलाच्या डोक्याशी मालक, त्यांच्या उजव्या हाताला लॅपटॉप उघडून धाकटा, समोर तिघे विश्वस्त. चहा आला होता. मालक चांगले बोलत. कारखाना म्हणजे आपले घर, वाईट दिवस मागे पडले, हे आकडेच बघा, असे त्यांनी सांगितले आणि कराराचा कागद बाईंपुढे सरकवला. वर पेनही ठेवले.

बाईंनी पेन बाजूला केले. "सही करायच्या आधी एक हिशेब करून घ्यायचाय. हिशेब खात्याने सांगावा." त्या धाकट्याकडे वळल्या. "हे एक कोटी चाळीस. यातून फंडाचे बाजूला काढ. किती राहतात?"

"बाई, ते जरा तांत्रिक आहे," मालक म्हणाले.

"म्हणूनच त्याला विचारतेय. मला तांत्रिक कळत नाही."

धाकट्याने मालकांकडे पाहिले, मग बहिणीकडे. "अठ्ठ्याहत्तर," तो म्हणाला.

"माझ्या रिकाम्या रॅकचे एक्केचाळीस काढ."

"सदतीस."

"पाइपवाल्याचे, चाकवाल्याचे थकवलेले सत्तावीस काढ."

या वेळी त्याला जास्त वेळ लागला, जणू हे गणित त्याला जमत नव्हते. "दहा."

"दहा काय?" वेल्डर म्हणाला. तो दांडगा, कमी बोलणारा माणूस होता आणि आतापर्यंत कपाच्या कानाशी चाळा करत होता.

"दहा लाख," बाई म्हणाल्या. "कारखान्याने वर्षभरात खरे मिळवले ते एवढेच. आणि साहेबांनी स्वतःचे परत घेतले चौऱ्याऐंशी."

"थांबा. आपला फंड बँकेत आहे ना?"

"नाही."

"मग कुठंय?"

"कुठेच नाही. आपण दर महिन्याला कमी पगार घेत आलो, तेवढंच झालंय."

वेल्डरने कप खाली ठेवला. मावशीचे तोंड उघडे राहिले. मालकांचा चेहरा लाल झाला होता. ते म्हणाले की त्यांनी वेळेला घर गहाण टाकले होते, तेव्हा इथल्या एकानेही घर गहाण टाकले नव्हते, आणि आपले पैसे परत घेणे हा गुन्हा नाही.

"गुन्हा कोण म्हणतंय?" बाई म्हणाल्या. "पण तुमचे आधी आणि आमचे तीन वर्षांनी, तेही उरले तर?" मग त्यांनी पर्स उघडली, चेक काढला आणि सगळ्यांना दिसेल असा टेबलाच्या मधोमध ठेवला. "हा माझा. चार लाख ऐंशी हजार. दुपारी मिळाला. मी तो पर्समध्ये घातला आणि दोन तास ठेवला, हेही ऐकून ठेवा. उद्या दुसऱ्या कोणाकडून कळायला नको."

धाकट्याने डोळे मिटून घेतले. मालकांनी चेक उचलला, त्यावरची स्वतःची सही बघितली आणि त्याच्याकडे असे पाहिले की मावशीसुद्धा खुर्चीत मागे सरकली. पण मालक मुरलेले होते. एक घोट पाणी पिऊन ते शांतपणे म्हणाले, "ठीक आहे. सही करू नका. उद्या सकाळी मी बँकेत रिकाम्या हाताने जाईन. बँक हात आखडता घेईल. महिन्याभरात टाळं. फंड तर नाहीच, पगारही नाही. एकशे त्र्याऐंशी घरं. खाली जाऊन त्यांना तुम्ही सांगा, बाई."

हे खोटे नव्हते. आपण चुकलो तर या माणसांची चूल आपल्या हाताने विझेल, अशी बाईंना भीती वाटली. पण सकाळपासून त्यांनी जे वाचले आणि ऐकले होते त्यातून एक गोष्ट स्वच्छ झाली होती: जो शेवटचा हप्ता घेऊन बाहेर पडेल त्याला कारखान्याची पर्वा उरणार नाही.

"साहेब, आजचे अठ्ठावीस गेले की तुमचं घर सुटतं," त्या म्हणाल्या. "मग टाळं लागलं काय न लागलं काय, तुमच्या डोक्यावर छप्पर आहे. नाही गेले, तर तुम्हीही आमच्याच बरोबर आत आहात. मला तुम्ही आत हवे आहात. ते अठ्ठावीस आज विश्वस्तांच्या खात्यात येतील. या महिन्यापासूनची कपातही तिथेच, कंपनीत नाही. नेलेले चौऱ्याऐंशी सहा महिन्यांत परत. एवढं कबूल असेल तर मी सही करते, पण तीन वर्षांची नाही. एक महिन्याची. दर महिन्याला हिशेब बघीन आणि पुढची करीन."

"हे ब्लॅकमेल आहे."

"साहेब, तुम्ही आमचे पैसे वापरले त्याला काय म्हणतात ते आधी सांगा," मावशी म्हणाली. "मग यालाही तेच नाव ठेवू. आम्हाला इंग्रजी कमी येतं."

मालकांनी तिच्याकडे लक्ष दिले नाही. घड्याळात पावणेपाच झाले होते. ते धाकट्याकडे वळून अगदी सौम्यपणे म्हणाले, "तू मंजुरी दे. पाचला बँक बंद होते."

सगळे त्याच्याकडे बघू लागले. लॅपटॉपच्या पडद्यावर तो हप्ता त्याच्या एका बोटासाठी थांबलेला होता. धाकट्याला नोकरी होती, दोन मुली होत्या, गाडीचे हप्ते होते. बाईंना त्याच्या मनात काय चालले आहे ते चेहऱ्यावरून वाचता येई, लहानपणापासून येत होते. आज पहिल्यांदाच काही कळेना. तो मंजुरी देईल असेच त्यांना वाटले, आणि दिली तर आपण या भावाला पुन्हा दारात उभे करणार नाही असेही त्यांनी मनात ठरवून टाकले. एक मिनिट गेले. दुसरे गेले. वेल्डर उठून उभा राहिला, पण बाईंनी हाताने त्याला बसवले.

धाकट्याने एक कळ दाबली, मग काही आकडे भरून पुन्हा दाबली. "नामंजूर केलं, साहेब," तो म्हणाला. "विश्वस्तांच्या खात्याचा नंबर घातलाय. अठ्ठावीस लाख. माझी मंजुरी दिली. आता तुमची."

"उद्यापासून येऊ नकोस."

"नाही येत. पण मंजुरी आज लागेल. उद्या तुम्हाला बँकेला करार दाखवायचाय."

मालक त्या पडद्याकडे बघत बसले. त्यांना घर दिसत असेल, आणि बाईंना त्या क्षणी त्यांची थोडी कीवही आली. चार वाजून चोपन्न मिनिटांनी त्यांनी फोन खिशातून काढला, अंगठा टेकवून मंजुरी दिली आणि आतल्या खोलीत निघून गेले. चेक तेवढा मुठीत चुरगाळून बरोबर नेला.

बाईंनी कराराच्या कागदावरचे 'तीन वर्षे' खोडून 'एक महिना' लिहिले आणि अटी खाली एकेक करून मांडल्या. आत जाऊन त्यांनी मालकांची सही आणली, मग स्वतः केली, वेल्डरने केली, मावशीने कागद डोळ्यांपासून लांब धरून केली. एक कोटी सत्तरमधले अठ्ठावीस हाताला लागले होते. बाकीचे कधी आणि किती मिळतील हे कोणालाच सांगता आले नसते.

वेल्डर आणि मावशी खाली गेले. धाकटा आपल्या केबिनमध्ये खणातल्या वस्तू पिशवीत भरत होता. बाई दारात उभ्या राहिल्या. त्याने शेवटी बरोबर ते केले होते आणि त्यांना त्याला जवळ घ्यावेसे वाटत होते. पण एक प्रश्न राहिला होता.

"तुला हे कधीपासून माहीत होतं?"

तो मुलींचा फोटो पिशवीत घालत होता. हात थांबला. "गेल्या वर्षापासून."

"गेल्या वर्षी कधी?"

"तू शेडमध्ये फिरत होतीस ना, फॉर्म घेऊन," तो खाली बघत म्हणाला. "तेव्हा. कपात दुप्पट झाली तर वर्ष निघेल असं वाटलं मला. लोकांनी साहेबांचं ऐकलं नसतं, माझंही नसतं. तुझं ऐकतील हे माहीत होतं."

मालकांनी केसाने गळा कापला असता तर बाई सहन करून गेल्या असत्या. मालक तो मालकच. पण एकशे त्र्याऐंशी माणसांपुढे त्यांना स्वतःच्या भावाने फिरवले होते, आणि त्या फिरल्या होत्या, अभिमानाने. रडू येईल असे त्यांना वाटले. आले नाही. नुसता राग होता, आणि ज्याच्यावर तो काढायचा तो समोर पिशवी धरून लहान मुलासारखा उभा होता.

"ताई," तो म्हणाला, "संध्याकाळी घरी येऊ का?"

खाली शिफ्ट सुटल्याची घंटा झाली. शेडमधून माणसांचे आवाज येऊ लागले. वेल्डरने काहीतरी सांगितले असणार, कारण नेहमीसारखे कोणी गेटकडे धावत नव्हते.

"ये," बाई म्हणाल्या. "पण आधी खाली चल. सगळे थांबलेत. पैसे कुठे गेले ते तू सांगायचंस, आणि मला का फिरवलंस तेही. माझ्या तोंडून नाही. तुझ्या."

त्याने पिशवी टेबलावर ठेवली. पांढराफटक पडला होता, पण निघाला. जिन्यावर बाई त्याच्या एक पायरी मागे राहिल्या, कारण तो मध्येच मागे वळणार नाही अशी त्यांना आता खात्री नव्हती.